मधले दोन महिने

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला बसलेल्या जवळपास प्रत्येकाला मिनी ड्राफ्टर ओळखीचा असतो. ड्रॉइंग बोर्डाच्या वरच्या कडेला तो स्क्रूने आवळून बसवायचा. त्याच्या पट्ट्या मधल्या सांध्यात कोपरासारख्या वळतात. टोकाला काटकोनात जोडलेल्या दोन मोजपट्ट्या कागदावर कुठेही नेल्या तरी आपली दिशा सोडत नाहीत. यामागची भूमिती शाळेतलीच आहे. समांतरभुज चौकोन कितीही दाबला, कितीही ताणला, तरी त्याच्या समोरासमोरच्या बाजू समांतरच राहतात. ड्राफ्टरमध्ये असे दोन चौकोन एकाला एक जोडलेले असतात, एवढंच.

बहुतेकांसाठी या उपकरणाचं काम एका सत्रात संपतं. सिव्हिल-मेकॅनिकलवाल्यांना ते पुढे थोडंफार लागतं. कॉम्प्युटरवाला शेवटची शीट सबमिट करतो त्या दिवशी त्याचा ड्राफ्टरशी संबंध सुटतो. नीट वापरला तर अनेक वर्षं चालणारं हे उपकरण, आणि त्याची गरज चार-पाच महिन्यांची. तरीही ड्राफ्टर कचऱ्यात पडलेला सहसा दिसत नाही. तो सेकंड इयरच्या मुलाच्या कॉटखालून फर्स्ट इयरच्या मुलाच्या बोर्डावर जातो, तिथून पुढच्या वर्षी आणखी कुणाकडे. त्याच्या धातूच्या पट्टीवर करकटकाने कोरलेली नावं एकाखाली एक वाढत जातात. जुना घेताना तपासायचं एकच. एक आडवी रेघ मारावी, ड्राफ्टर बोर्डाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन आणखी एक मारावी आणि दोन्ही टोकांना त्यांच्यातलं अंतर मोजावं. अंतर सारखं भरलं तर सांधे घट्ट आहेत. फरक पडला तर सांधे ढिले झालेत, आणि मग शीटवरची प्रत्येक समांतर रेघ थोडी खोटी निघेल.

आता त्याच कॉटखालची बादली घ्या. प्लास्टिकची, न चिरलेली, दांडी शाबूत. तिला ना अभ्यासक्रमाचा पॅटर्न बदलायची भीती, ना सांधा ढिला व्हायची. ऑगस्टमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला ती पहिल्याच संध्याकाळी लागते. पण मे महिन्याच्या अखेरीस होस्टेलच्या मागच्या बाजूला गेलात तर बादल्या, मग, गुंडाळलेल्या गाद्या, चपलांचे ढीग, आरसे, वाळत घालायच्या दोऱ्या, आणि पंक्चर टायरवर टेकलेल्या दोन-चार सायकली तुम्हाला दिसतील. नाजूक ड्राफ्टर वाचतो आणि दणकट बादली फेकली जाते.

हे का होतं, यावर मी बराच काळ चुकीचं उत्तर धरून बसलो होतो. मला वाटायचं, मुलांना किंमत नाही. आईबापांच्या पैशाने घेतलेली वस्तू टाकताना हात थरथरत नाही. नीट पाहिल्यावर कळलं की ड्राफ्टर जपून पुढे देणारी आणि बादली टाकून जाणारी मुलं तीच आहेत. फरक त्यांच्या स्वभावात नाही, कॅलेंडरात आहे. ड्राफ्टर देणारा सेकंड इयरला असतो आणि घेणारा फर्स्ट इयरला. दोघं एकाच मेसमध्ये जेवतात, व्यवहाराला पाच मिनिटं लागतात. बादली, गादी, सायकल मात्र शेवटच्या दिवसापर्यंत लागते. ती सुटते तेव्हा देणारा फायनल इयर संपवून स्टेशनकडे निघालेला असतो आणि घेणारा अजून सीईटीचा निकाल आणि कॅप राउंडच्या याद्या बघत आपल्या गावी बसलेला असतो. दोघांच्या मध्ये किमान दोन महिने, आणि अलीकडच्या प्रवेशप्रक्रियेत कधी कधी तीन. आवारातल्या वस्तूंचं नशीब त्या मधल्या काळात ठरतं.

हे पडताळून पाहायचं असेल तर मेडिकल कॉलेजात जावं. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी शरीररचनाशास्त्र शिकताना हाडांचा संच लागतो. माणसाच्या शरीरात २०६ हाडं. अभ्यासाला सहसा अर्धा संच पुरतो: कवटी, मणके, आणि एका बाजूच्या हातापायांची हाडं. हा संच पिढ्यान्पिढ्या सीनियरकडून ज्युनियरकडे येतो. फीमरवर आधीच्या कुणी स्नायू जिथून निघतो ती जागा लाल रंगाने आणि जिथे जाऊन बसतो ती निळ्याने आखलेली असते. शरीररचनाशास्त्राच्या पुस्तकांतली ही जुनी रीत आहे, त्यामुळे अनोळखी हाताने केलेल्या खुणाही नव्या मुलीला वाचता येतात. काही संच इतके हाताळलेले असतात की कडा गुळगुळीत होतात.

एकेकाळी भारत हा मानवी सांगाड्यांचा जगातला सर्वांत मोठा निर्यातदार होता आणि कोलकाता हे त्या व्यापाराचं केंद्र. १९८५ मध्ये सरकारने ही निर्यात बंद केली. आपल्याकडे मुंबई राज्याच्या काळात, १९४९ साली, शरीररचनाशास्त्र कायदा झाला होता. बेवारस आणि दान केलेले देह शिक्षणसंस्थांना कोणत्या रीतीने मिळावेत, हे त्यात आहे. आता प्लास्टिकच्या प्रतिकृती आल्या आहेत आणि त्या सुधारतही आहेत. पण जिथे खरी हाडं आहेत तिथे ती कुणाचा तरी देह होता, हे विसरून चालत नाही. ती अडगळीत पडू नयेत, कचऱ्यात तर कधीच जाऊ नयेत, आणि ज्याच्याकडून घेतली त्याला नाव-गाव असावं. सीनियरने ज्युनियरच्या हातात खोका देणं ही सोय आहे, आणि माझ्या लेखी थोडं जबाबदारीचं हस्तांतरणही. इथेही गणित ड्राफ्टरचंच आहे. पहिलं वर्ष संपवलेला विद्यार्थी पुढची कित्येक वर्षं त्याच आवारात असतो. घेणारा येईपर्यंत खोका कपाटावर थांबू शकतो.

समोरासमोरच्या देवघेवीत आणखी एक गोष्ट फुकट मिळते, ती म्हणजे विश्वास. १९७० मध्ये जॉर्ज अॅकरलॉफ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने जुन्या मोटारींच्या बाजारावर एक छोटा निबंध लिहिला. तीन नियतकालिकांनी तो आधी परत पाठवला होता. पुढे २००१ च्या नोबेल पुरस्कारामागे त्याच निबंधाचा मोठा वाटा होता. त्याचं म्हणणं साधं होतं. जुनी गाडी कशी आहे हे विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं. म्हणून घेणारा प्रत्येक गाडी खराब असेल असं धरून कमी भाव सांगतो. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकायला तयार होत नाही. हळूहळू बाजारात खराब गाड्याच उरतात. जुन्या लॅपटॉपच्या बाबतीत हा अनुभव अनेकांनी घेतला असेल. पण विकणारा वरच्याच मजल्यावर राहत असेल तर? त्याचा लॅपटॉप वर्षभर कसा चालला हे त्याच्या रूममेटला माहीत असतं. महिन्याभरात बॅटरी बसली तर त्याला जेवणाच्या रांगेत गाठता येतं. फसवणुकीची किंमत त्याला रोज मोजावी लागेल, म्हणून तो सहसा फसवत नाही. अॅकरलॉफने सांगितलेला रोग होस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये फारसा पसरत नाही. फायनल इयरचा मुलगा गेला की मात्र हे संरक्षणही त्याच्याबरोबर गाडीत बसून जातं.

पुस्तकांची गोष्ट थोडी वेगळी आहे, कारण त्यांच्यासाठी मधला काळ सांभाळणारी माणसं आपल्याकडे आधीपासून आहेत. पुण्यात अप्पा बळवंत चौक, मुंबईत माटुंग्याला किंग्ज सर्कलचे फुटपाथ, फोर्टातले रस्त्यावरचे विक्रेते. मे-जूनमध्ये हे लोक विकत घेतात, जुलै-ऑगस्टमध्ये विकतात. पाऊस, जागेचं भाडं, पोलिसांची ये-जा, न खपलेल्या प्रतींचा तोटा हे सगळं ते अंगावर घेतात. घेतानाचा भाव आणि विकतानाचा भाव यांतला फरक पाहून विद्यार्थी कुरकुरतात. पण तो फरक म्हणजे दोन महिने माल राखल्याची मजुरी आहे, आणि ती रास्त आहे असं मला वाटतं.

या व्यापाराला खरा धोका पॅटर्न बदलण्याचा. पुणे विद्यापीठाच्या इंजिनिअरिंगवाल्यांना २०१२ पॅटर्न, २०१५ पॅटर्न, २०१९ पॅटर्न हे शब्द जन्मतारखेइतके पाठ असतात. पॅटर्न बदलला की परीक्षेला नेमून छापलेली पुस्तकं एका रात्रीत रद्दीच्या भावाला येतात, जरी आतला फुरिए किंवा बर्नूली तसूभरही बदललेला नसला तरी. अनेकदा फक्त युनिटांचा क्रम पुढेमागे झालेला असतो. मूळ विषयाचं जाडजूड, जुनं, चांगलं पुस्तक अशा वेळी टिकून राहतं. ज्युनियरांना माझा सल्ला असतो की वर्षाच्या पुस्तकांपैकी निदान एक तरी असं असावं, ज्याच्या मुखपृष्ठावर पॅटर्नचं साल छापलेलं नाही.

सरकारनेही एके काळी पुस्तकांच्या फिरत्या संचांचा विचार केला होता. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस केंद्राची बुक बँक योजना सुरू झाली. मेडिकल-इंजिनिअरिंगला आलेल्या अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना महागडी पाठ्यपुस्तकं परवडत नाहीत म्हणून कॉलेजच्या ग्रंथालयातून दोघांत मिळून एक संच द्यायचा आणि वर्ष संपल्यावर परत घ्यायचा. संच एकाच्या मालकीचा नाही, खुर्चीच्या मालकीचा आहे, आणि खुर्चीवर बसणारी माणसं बदलत राहतील, ही कल्पना त्यात होती. बादलीच्या बाबतीतही तीच लागू पडते.

पुस्तक विकत घेतलं की ते पुढे विकण्याचा हक्क आपल्याला आहे का, हा प्रश्न आपल्याला हास्यास्पद वाटेल. पण तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, तोही एका विद्यार्थ्यामुळे. सुपॅप किर्तसाएंग हा थायलंडचा तरुण १९९७ मध्ये गणित शिकायला कॉर्नेल विद्यापीठात गेला. तिथली पाठ्यपुस्तकं थायलंडमध्ये स्वस्त आशियाई आवृत्तीत मिळतात हे त्याच्या लक्षात आलं. घरच्यांकडून ती मागवून तो ऑनलाइन विकू लागला. वायली या प्रकाशनसंस्थेने २००८ मध्ये दावा लावला आणि ज्युरीने त्याला ६ लाख डॉलरची भरपाई द्यायला सांगितली. मार्च २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी निकाल फिरवला: कायदेशीररीत्या छापलेली प्रत एकदा विकली की तिच्यावरचा प्रकाशकाचा ताबा संपतो, मग ती जगात कुठेही छापलेली असो. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही एकदा विकलेली प्रत चलनात आलेली मानली जाते. कागदाच्या पुस्तकाला असलेलं हे संरक्षण ई-पुस्तकाच्या पासवर्डला नाही. ज्या अभ्यासक्रमात गृहपाठ करण्यासाठी एकदाच वापरता येणारा कोड विकत घ्यावा लागतो, तिथे ज्युनियरला पुढे देण्यासारखं काही उरतच नाही. पुस्तकं डिजिटल करण्याच्या उत्साहात आपल्या विद्यापीठांनी ही गोष्ट आत्ताच लक्षात घ्यावी, असं मला कळकळीने वाटतं.

मधल्या काळाकडे परत येतो. तो दोन प्रकारे नाहीसा करता येतो. एक म्हणजे जाणारा आणि येणारा यांची तारीख एक करणं. अमेरिकेतल्या बोस्टन शहरात हे आपोआप घडलेलं आहे. तिथल्या विद्यार्थी वस्त्यांमधले बहुतेक घरभाडेकरार ३१ ऑगस्टला संपतात आणि १ सप्टेंबरला सुरू होतात. त्या एका दिवशी ऑलस्टनसारख्या भागात रस्त्याच्या कडेला टेबलं, खुर्च्या, दिवे, पुस्तकांची कपाटं मांडलेली असतात आणि नवे भाडेकरू ती उचलून नेतात. स्थानिक लोक या दिवसाला ‘ऑलस्टनचा नाताळ’ म्हणतात. ऑगस्टमध्ये २३-२३ किलोच्या दोन बॅगा घेऊन उतरलेल्या, बॅगेत कुकर आणि गोडा मसाला आणलेल्या मराठी मुलामुलींचंही पहिलं टेबल अनेकदा अशाच कडेवरून घरात येतं. मात्र मध्ये थांबायला जागाच नसल्याने निवडायला वेळ नसतो, आणि गाद्यांबरोबर ढेकूणही घर बदलतात. न उचललेलं सगळं कचऱ्याच्या गाडीत जातं. नोव्हेंबर २०२२ पासून मॅसॅच्युसेट्स राज्याने गाद्या आणि कापड कचऱ्यात टाकायला बंदी केली, म्हणजे निदान त्यांचा वेगळा विचार करावा लागेल.

दुसरा मार्ग म्हणजे मधल्या काळात वस्तूंना राहायला जागा देणं. न्यू हॅम्पशायर विद्यापीठात अॅलेक्स फ्रीड या विद्यार्थ्याने पहिल्या वर्षाच्या अखेरीस होस्टेलबाहेरचे ढीग पाहिले आणि सोबत्यांना घेऊन २०११ मध्ये ‘ट्रॅश टू ट्रेझर’ नावाचा उपक्रम उभा केला. मे महिन्यात जाणाऱ्यांकडून वस्तू गोळा करायच्या, उन्हाळाभर साठवायच्या, आणि सत्र सुरू होताना येणाऱ्यांना स्वस्तात विकायच्या. त्या विक्रीतून पुढच्या वर्षीचा खर्च निघतो. पुढे २०१३ मध्ये इतर कॉलेजांना हे शिकवण्यासाठी त्याने स्वतंत्र संस्था काढली. यात मला सगळ्यात शहाणपणाची गोष्ट वाटते ती विक्रीची. फुकट दिलेली वस्तू घेताना गरीब घरचं पोर संकोचतं, आणि सुस्थितीतलं पोर गरज नसताना दोन उचलतं. वीस-तीस रुपये मोजून घेतलेली बादली दोघांचीही सारखीच असते.

पण ही योजना उचलून तशीच इथे आणता येणार नाही. तिथला मधला काळ उन्हाळ्याचा आहे. आपला जून-जुलैचा, म्हणजे पावसाचा. उघड्यावर ठेवलेल्या सायकलची साखळी दोन महिन्यांत गंजून लाल होते, सीटचा फोम पाणी पितो, हवा गेलेल्या टायरवर उभी राहिल्याने ट्यूब घडीवर चिरते. गादी तर जिन्याखालच्या ओलीत आठवड्याभरात कुबट होते. म्हणून गोदामाची जागा तळमजल्यावर चालत नाही, आणि गळकं छप्पर तर नकोच. फळ्यांची उंच मांडणी हवी, भिंतीपासून वीतभर अंतर हवं. सायकली आत घेण्याआधी साखळीला तेल आणि चाकात हवा हवी. पेडलच्या आसाखाली फ्रेमवर ठोकलेला नंबर वहीत लिहून घ्यावा, म्हणजे चोरीची सायकल आवारात फिरणार नाही आणि नव्या मालकाकडे पावती राहील.

गाद्यांबाबत कडक राहावं. ढेकूण महिनोन् महिने उपाशी राहू शकतो. ५० अंशांपुढची उष्णता त्याला आणि त्याच्या अंड्यांना मारते, पण ती गादीच्या आतपर्यंत पोचायला हवी. गच्चीवर दोन उन्हं दिल्याने वरचा कापूस तापतो, आतला नाही. कापसाची गादी असेल तर आपल्याकडे उत्तम उपाय आहे: खोळ सोडून पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून घेणं, खोळ उकळत्या पाण्यातून काढणं, आणि पुन्हा भरणं. कापूस मोकळा होतो, गादी नव्यासारखी फुगते. फोमच्या गादीला हे भाग्य नाही. शिवणींत काळे ठिपके दिसले की ती बाहेर ठेवावी. उशा घेऊच नयेत. हेल्मेटही नाही, कारण आतला फोम एकाच धडकेत दबून आपलं काम संपवतो आणि वरून काही कळत नाही. पाणी तापवायचे रॉड, इस्त्र्या, एक्स्टेन्शन बोर्ड एखाद्या इलेक्ट्रिशियनने तपासल्याशिवाय कुणाच्या हातात देऊ नयेत. नागपूर-अमरावतीकडचे पत्र्याचे कूलर मात्र जरूर घ्यावेत. गवत बदललं, पंप साफ केला की ते पुढचा उन्हाळा काढतात.

जे गोदामात बसणार नाही त्याचे वाटेकरी शहरात आहेत. पुण्यात कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून आहे आणि तिच्यातून उभी राहिलेली ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था जुन्या वस्तू, कपडे, फर्निचर गोळा करण्याचे कार्यक्रम करते. बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार आहे. कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण आहे. होस्टेलच्या गेटवर या माणसांना भंगारवाले म्हणून हाकलून देण्यापेक्षा मेच्या शेवटच्या आठवड्यात बोलावून घ्यावं. कोणत्या वस्तूला कुठे मोल येतं हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं.

आणि गडचिरोलीहून किंवा नांदेडहून एसटीने मुलाला सोडायला आलेले वडील त्या पहिल्या संध्याकाळी कॉलेजच्या गेटसमोरच्या दुकानात गादी, बादली, मग, कुलूप, टेबलफॅन असं एकेक विचारत उभे असतात. फी भरून खिसा आधीच रिकामा झालेला असतो. त्यांना कुणीतरी सांगायला हवं की काका, आधी आत चला, मागच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक खोली आहे.

ती खोली उघडी असायला हवी, म्हणून एक बारीकशी गोष्ट सांगतो. असे उपक्रम बहुतेक वेळा फायनल इयरची उत्साही मुलं सुरू करतात आणि तीच मेमध्ये निघून जातात. वही एकाकडे, किल्ली दुसऱ्याकडे, आणि ऑगस्टमध्ये दोघंही बंगळूरला. तेव्हा किल्ली सेकंड इयरच्या मुलांकडे द्यावी. वस्तू देणारे निघतील तेव्हा ती तिथे असतील, आणि घेणारे येतील तेव्हाही.